दोन राजांची एकच शपथ

आज जिथे नुसती बाभळीची झुडपं आहेत आणि मेंढरंसुद्धा थांबत नाहीत, तिथे फार मागे, कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या मागे, एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडचं ऐलगाव आणि पलीकडचं पैलगाव.

ऐलगावचा पाटील होता सटवाजी. पैलगावचा पाटील होता हैबती. सटवाजीची धाकटी बहीण ठकू हैबतीला दिलेली होती, त्यामुळे दोघे पाटील एकमेकांचे सोयरेही होते.

गावांत भांडणं होत नव्हती असं नाही. गुरं ओढा ओलांडून दुसऱ्याच्या पिकात शिरायची, तोंडातोंडी व्हायची, कधी काठ्याही निघायच्या. मग दोघे पाटील ओढ्याच्या वाळूत समोरासमोर बसायचे. दंड म्हणून पाटीभर हुलगे ठरायचे, आणि त्याच हुलग्यांचं माडगं दोन्ही गावं मिळून प्यायची.

घरोघर धान्याची कणगी होती, ज्याची त्याची. शिवाय ओढ्याकाठच्या उंचवट्यावर जमिनीत खणलेलं एक मोठं पेव होतं, ते सगळ्यांचं. सुगीत प्रत्येक घरानं त्यात थोडं धान्य ओतायचं आणि वाईट वर्षी ज्याची चूल पेटत नसेल त्यानं काढून न्यायचं. या रीतीला काही नाव नव्हतं. नाव द्यावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

नाव देणारे नंतर आले.

त्या मुलखाच्या एका टोकाला डोंगर होते आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. डोंगरात एक राजा राज्य करायचा, समुद्रकाठी दुसरा. एकदा उत्तरेकडून घोडेस्वारांची एक क्रूर फौज आली आणि गावंच्या गावं जाळत सुटली. तेव्हा हे दोन्ही राजे एक झाले. सहा वर्षं ते खांद्याला खांदा लावून लढले. शेवटचा घोडेस्वार पडला त्या दिवशी दोघांनी रणांगणावर एकमेकांना मिठी मारली, आणि ती मिठी पाहून म्हातारे शिपाईसुद्धा रडले.

पण मिठी सुटल्यावर प्रश्न उभा राहिला, की सोडवलेल्या गावांनी आता जगायचं कसं?

डोंगरचा राजा म्हणाला, की सगळं धान्य एका कोठारात असावं आणि कोठारातून सगळ्यांना सारखं मिळावं. त्याच्या राज्यात कुणी उपाशी झोपत नव्हतं, आणि कोठाराची किल्ली कुणाकडे आहे हे विचारायची कुणाची छाती नव्हती. समुद्राचा राजा म्हणाला, की ज्याचं पीक त्याची कणगी, त्यात राजानंही हात घालू नये. त्याच्या राज्यात कुणीही काहीही बोलू शकत होतं, आणि बोलणाऱ्यांतले कितीतरी उपाशीपोटी बोलत होते.

आपली रीत खरी असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. यात त्यांचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण समोरच्याची रीत ही साथ आहे, ती पसरत पसरत आपल्या उंबऱ्यापर्यंत येईल, असंही दोघांना वाटू लागलं. आणि भीती एकदा राजवाड्यात शिरली की ती तिथे थांबत नाही. ती गावोगाव पाहुणी म्हणून जाते.

ऐलगावला ती समुद्राच्या राजाचा दूत होऊन आली.

दूत गोड बोलणारा होता. त्यानं सांगितलं, की डोंगरच्या राजानं टेकडीपलीकडची तीन गावं कोठारात घातली आहेत. चौथं गाव कुठलं असेल, हे त्यानं सांगितलं नाही. नुसता ओढ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, की आमचा महाराज तुम्हाला चाळीस तिरंदाज देईल, टेहळणीला दगडी बुरूज बांधून देईल, वर्षभराचं मीठ देईल. बदल्यात फक्त एक शपथ घ्यायची आहे. ती त्यानं वाचून दाखवली.

"तुमच्यावर उगारलेला हात तो आमच्यावर उगारलेला हात."

सटवाजीनं थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि तुमच्यावर कुणी हात उगारला तर?"

दूत हसला. "मग तो तुमच्यावरही उगारलेला असेल, पाटील. शपथ दोन्ही बाजूंनी असते."

सटवाजी भित्रा नव्हता आणि मूर्खही नव्हता. घोडेस्वारांनी जाळलेली गावं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. तसा दिवस पुन्हा आला तर आपल्या माणसांमागे कुणीतरी उभं असावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं अंगठा उठवला. पुढच्याच महिन्यात ऐलगावच्या टेकाडावर बुरूज उभा राहिला.

बुरूज बांधून होईपर्यंत सटवाजीकडून काही निरोप येईल, अशी हैबतीनं वाट पाहिली. शेवटी तो ओढा ओलांडून आला आणि मेहुण्याच्या ओसरीवर बसला. पाण्याचा तांब्या त्यानं तोंडाला लावला नाही. बुरूज कशासाठी, असं त्यानं विचारलं. सटवाजी म्हणाला, "दाजी, तो तुमच्यासाठी नाही. नुसता बघायला आहे."

"पण बघतो तो आमच्याकडेच ना?" हैबती म्हणाला.

सटवाजीनं त्याला परोपरीनं समजावलं. हैबतीनं सगळं ऐकून घेतलं आणि तो घरी गेला. पण त्याच्या गावच्या बायका पाण्याला गेल्या की वरून चाळीस अनोळखी माणसं पाहत असायची, आणि हे कुठल्याही समजावण्यानं बदलत नव्हतं. महिनाभर त्यानं कळ काढली. मग त्यानं पागोटं बांधलं आणि डोंगराची वाट धरली.

परतला तेव्हा त्याच्याबरोबर पन्नास भालाईत होते. पैलगावच्या वेशीवर जाड ओंडक्यांचा मेढेकोट उभा राहिला. हैबतीनंही अंगठा दिला होता. त्याला वाचून दाखवलेली शपथ शब्द न् शब्द तीच होती. फक्त राजाचं नाव वेगळं होतं.

मेढेकोट पाहून ऐलगावची माणसं म्हणू लागली, की बघा, पाटलानं वेळेवर बुरूज बांधून घेतला ते किती बरं झालं. आणि बुरुजावर आणखी वीस तिरंदाज आले.

हेच साऱ्या मुलखात होत होतं. एखादं गाव भीतीनं शपथ घेई, एखादं मिठासाठी घेई. एखादं नुसतं एवढ्यासाठी घेई, की शेजारच्या गावानं आधी दुसऱ्या राजाची शपथ घेतली. चार वर्षांत समुद्राच्या राजाकडे नऊ गावं झाली आणि डोंगरच्या राजाकडेही नऊ झाली. मध्ये कुणीच उरलं नाही. प्रत्येक गावाला वाटत होतं, की आपण फक्त दाराला कडी घातली.

दारं मात्र खरंच बंद झाली. ऐलगावात कुणी पेवातल्या धान्याचं नाव काढलं, की बुरुजावरचा नाईक त्याला विचारायचा, तू कोठारवाला आहेस का? भिऊन लोकांनी पेवात धान्य टाकणं सोडलं. पैलगावात उलटं झालं. तिथे मेढेकोटातली माणसं घरोघर आली आणि कणग्या उचलून घेऊन गेली, कारण कणगी ठेवणारा तो समुद्राचा माणूस. ठकूची कणगी तिच्या आईनं लग्नात दिलेली होती. शिपायानं ती दारातच पायाखाली मोडली. ठकू तुकडे गोळा करू लागली. हैबतीनं शिपायाला अडवलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

ऐलगावच्या सोयरिकी पैलगावात होईनाशा झाल्या. सटवाजीनं बहिणीला दिवाळीला आणलं नाही. पुढच्या वर्षी पाहू, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला.

पाचव्या वर्षी पावसानं दगा दिला. पैलगावचं गवत करपलं. ऐलगावच्या काठाला ओल होती, तिथे थोडं हिरवं उरलं होतं. एका सकाळी पैलगावच्या म्हादबा गुराख्याच्या म्हशी वासानं ओढा ओलांडून गेल्या. म्हादबा साठीच्या पुढचा होता, त्याला त्या आवरल्या नाहीत. तो ओरडत मागून आला.

बुरुजावर एक नवा तिरंदाज होता. तो समुद्रकाठचा, त्याला इथली रीत ठाऊक नव्हती. कोठारवाल्यांनी हद्द मोडली, एवढंच त्याला दिसलं. त्यानं पहिल्या म्हशीच्या मानेत बाण मारला. ती म्हैस म्हादबानं रेडकू असल्यापासून वाढवली होती. म्हातारा वेडापिसा झाला. त्यानं कमरेची गोफण सोडली आणि दगड भिरकावला. पन्नास वर्षं पाखरं हाकलणाऱ्या हाताचा नेम होता तो. दगड तिरंदाजाच्या कानशिलात बसला आणि तो बुरुजावरून खाली पडला, तो मेलाच.

पूर्वीचा काळ असता तर माणूस मेल्यावरही दोघे पाटील वाळूत बसले असते. फार कठीण बसणं झालं असतं. पण बसले असते. आता बुरुजावर धूर झाला, आणि दुपारपर्यंत समुद्राकडच्या आठ गावांच्या टेकड्यांवर धूर दिसू लागला. तो पाहून मेढेकोटात नगारा वाजला. डोंगराकडूनही नगारे ऐकू येऊ लागले.

त्याच दुपारी ठकू ओढ्यात उतरली. हातात काही नव्हतं. ती वाळूत मधोमध उभी राहिली आणि भाऊ येईपर्यंत हलली नाही. सटवाजी आला. चार वर्षांनी तो बहिणीला जवळून पाहत होता, आणि तिचे केस पांढरे झाले होते.

"दादा," ती म्हणाली, "तो दगड म्हादबानं मारला. राजानं नाही मारला. त्याला तुझ्या पायाशी आणून बसवते. काय दंड करायचा तो तू कर, पण हे धूर थांबव."

सटवाजी म्हणाला, "ठके, माझ्या हातात असतं तर आत्ता थांबवलं असतं. तरी विचारून येतो."

तो खरोखरच विचारायला गेला. बुरुजाचा नाईक दुष्ट माणूस नव्हता. त्यानं पाटलाला बसायला घोंगडी दिली आणि शांतपणे सांगितलं, की आज आपण गप्प बसलो तर उरलेली आठ गावं उद्या म्हणतील, यांची शपथ पोकळ आहे. मग ती एकेक करून पलीकडे जातील. "म्हशीसाठी कुणीच लढत नाही, पाटील. शब्द खरा ठरावा म्हणून लढावं लागतं."

ओढ्यापलीकडे त्याच वेळी हैबती मेढेकोटाच्या नाईकासमोर उभा होता. म्हादबाला ऐलगावच्या स्वाधीन करावं असं तो विनवत होता. त्यालाही तेच उत्तर मिळालं. आपला माणूस शत्रूच्या हाती दिला, तर बाकीची आठ गावं आपल्यावर कशी विसंबतील?

ठकू तिन्हीसांज होईपर्यंत वाळूत थांबली. मग ती परत गेली. मेढेकोटाच्या दारात तिला पहारेकऱ्यांनी अडवलं. शत्रूच्या पाटलाशी बोलताना तिला सगळ्यांनी पाहिलं होतं. काय बोललीस, असं त्यांनी विचारलं. तिनं खरं ते सांगितलं, पण ते त्यांना खरं वाटलं नाही. हैबतीला न कळवता त्यांनी तिला मेढेकोटात कडब्याच्या कोठीशेजारच्या खोलीत कोंडलं. लढाई झाली की चौकशी करू, असं ठरलं.

दोन दिवसांत त्या खोऱ्यात अठरा गावांची माणसं जमली. त्यातल्या बहुतेकांनी ऐलगाव पाहिलं नव्हतं, पैलगाव पाहिलं नव्हतं. म्हशीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत फार बदललेली होती. कुणी म्हणत होतं, की पलीकडच्यांनी पाटलाच्या मुलीला मारलं. कुणी म्हणत होतं, की विहिरीत विष घातलं.

दोन्ही राजांनी मात्र आपापल्या सेनापतींना एकच हुकूम दिला होता. काय व्हायचं ते त्या खोऱ्यातच होऊ द्या, आणि राजधानीपर्यंत काही येऊ देऊ नका.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आला तशी लढाई सुरू झाली. पहिल्या प्रहरात पुष्कळ माणसं पडली, पण मेढेकोट हलला नाही. तेव्हा बुरुजाच्या नाईकानं सटवाजीला बोलावलं. तुम्ही त्या गावात शंभर वेळा जेवला असाल, तो म्हणाला, आत कोरडं, पेट घेणारं काय आहे ते सांगा. लवकर सांगितलंत तर लवकर संपेल, आणि दोन्हीकडची माणसं वाचतील.

सटवाजीनं डोळे मिटून बहिणीचं घर आठवलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, देवळाच्या मागे. आगीपासून लांब. त्याची खात्री झाली.

"दक्षिणेच्या कोपऱ्यात गावाची जुनी कडब्याची कोठी आहे, मेढेकोट तिला धरूनच बांधलाय," त्यानं सांगितलं.

पेटते बाण सुटले. कोठी धडाडून पेटली, मग ओंडके पेटले, आणि वाऱ्यानं आग गावात नेली. पैलगाव जळताना पाहून डोंगरची माणसं चवताळून ओढा ओलांडून आली आणि संध्याकाळच्या आत त्यांनी ऐलगाव जाळलं. हैबती दुसऱ्या दिवशी पडला, ओढ्यात. म्हादबा कधी पडला ते कुणाला कळलं नाही.

पाचव्या दिवशी दोन्ही बाजूंनी पांढरी निशाणं निघाली. राजांनी एकमेकांना पत्रं पाठवली होती. पत्रांत झाल्या प्रकाराबद्दल दुःख होतं. डोंगरच्या राजानं मध पाठवला, समुद्राच्या राजानं मोती पाठवले. तह झाला. दोन्ही राजांत पुन्हा कधी असा गैरसमज होऊ नये म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठांवरची जमीन मोकळी ठेवायची ठरली. तिथे कुणी वस्ती करायची नाही, कुणी नांगर धरायचा नाही.

ठकूबद्दल सटवाजीला पैलगावच्या एका बाईनं सांगितलं. दोन्ही गावांची उरलेली माणसं आपापल्या राजाच्या शिपायांच्या मागे निघाली होती, तेव्हा ती बाई ओढ्याच्या त्या काठानं चालत होती आणि तो या काठानं. त्यानं विचारलं, ठकू दिसत नाही ती कुठे आहे? बाई थांबली. तुझ्याशी बोलली म्हणून तिला कडब्याच्या कोठीशेजारी कोंडली होती, असं तिनं सांगितलं, आणि ती पुढे गेली.

सटवाजी खाली बसला. माणसांनी त्याला उठवलं. त्यांनी त्याला धरून धरून नेलं.

समुद्राच्या राजानं ऐलगावच्या लोकांना मिठागरात काम दिलं. एकदा सटवाजी दरबारात गेला. त्याला काही मागायचं नव्हतं. त्याला फक्त विचारायचं होतं. राजा भेटला नाही, प्रधान भेटला. सटवाजीनं शपथ म्हणून दाखवली आणि विचारलं, की तुम्ही आमचं रक्षण करणार होता, त्याचं काय झालं?

प्रधानाला खरोखरच नवल वाटलं. "आम्ही आलो होतो ना, पाटील? आठ गावं घेऊन आलो होतो. शपथ तर अक्षरशः पाळली."

सटवाजी मिठागराकडे परत निघाला. प्रधान म्हणत होता ते खरंच होतं.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. पायांना मिठाच्या चिरा पडल्या होत्या, तरी तो रोज कामाला जायचा. बरोबरचे लोक विसाव्याला बसले की राजांना शिव्या द्यायचे. कुणी आपल्या राजाला, कुणी पलीकडच्याला. सटवाजी कधी त्यात बोलला नाही. शेवटच्या आजारात एकानं त्याला सरळच विचारलं, की एवढं सगळं झालं, ते कुणामुळे असं तुम्हाला वाटतं?

त्यानं भिंतीकडे कूस बदलली. 

"अंगठा उठवायच्या आधी मी ओढा ओलांडून हैबतीला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "वीस पावलं होती. दूत माझ्या ओसरीवर तीन दिवस राहिला होता. त्या तीन दिवसांत मी एकदाही गेलो नाही."

 त्याच आठवड्यात तो गेला. त्याला समुद्रकाठीच पुरलं, कारण ओढ्याकाठी जायला दोन्ही राजांची मनाई होती.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: लांबच्या बलवानाच्या भरवशावर जो जवळच्या शेजाऱ्याशी बोलणं सोडतो, त्याच्याच अंगणात बलवानांची लढाई होते.